कोटच्या वाटेवर डॉक्टर लक्ष्मी

थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र डोळे भरून पाहिला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं, रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. ब्रह्मदेश म्हटलं की मला मात्र नेताजींच्या आझाद हिंद सेनेतल्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन आठवतात. त्यांच्यासाठीच मला पुढे कोटला जायचं होतं.

लांजा तालुक्यातलं कोट हे नेवाळकरांचं मूळ गाव, म्हणजे झाशीच्या राणीचं सासर मुळात इथलं. सोबत आत्या होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून तिची हयात गेली. चढ चढून ती जांभ्याच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "आता सांग ती डॉक्टरीण."

सांगितलं. मद्रासला १९३८ मध्ये एमबीबीएस, १९४० मध्ये सिंगापूर, तिथे गरीब हिंदुस्थानी मजुरांसाठी दवाखाना. १९४३ च्या जुलैत नेताजी आले, त्यांनी बायकांची पलटण काढायचं ठरवलं, आणि लक्ष्मीबाईंनी सुरू असलेला दवाखाना बंद केला. युद्धात बाई डॉक्टर म्हटली की मलमपट्टीवर बसवतात. ही बाई पलटणीची प्रमुख झाली! पलटणीला नाव राणीचंच, झाशी राणी रेजिमेंट. ऑक्टोबरात छावणी सुरू झाली. मलायातल्या रबराच्या मळ्यांतल्या मुली आल्या. हिंदुस्थान कसा असतो हे त्यांतल्या कितीजणींनी पाहिलंही नव्हतं. साडी सोडून पँट-शर्ट घातले, खांद्यावर रायफल घेऊन कवायत केली. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं.

आत्या म्हणाली, "पावसात रात्री बाळंतपणाचं बोलावणं आलं, की साडी गुडघ्यापर्यंत खोचून होडीत चढायचे गो मी. पँटची किंमत मला विचार."

आझाद हिंद सेनेबरोबर ब्रह्मदेशात गेलेल्या लक्ष्मीबाई १९४५ च्या मे महिन्यात पकडल्या गेल्या. थिबाला ब्रह्मदेशातून इथे आणणाऱ्या इंग्रजांनी त्यांना १९४६ च्या मार्चपर्यंत ब्रह्मदेशातच अडकवून ठेवलं.

"मग पुढे काय केलंन तिने?"

"प्रेम सहगलांशी लग्न करून कानपूरला गेल्या. तिथे बाळंतपणं. नव्वदी ओलांडली तरी दवाखान्यात बसायच्या."

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग उठली, पदर कमरेला खोचला आणि माझ्या पुढे उतार उतरू लागली.