तोतया-कादंबरी: चौदावं प्रकरण सुटलं, पहिला भाग पुन्हा लिहायचा

मंडळी, पेशवाईतल्या तोतयावरच्या माझ्या कादंबरीचं अडलेलं चौदावं प्रकरण सुटलं! जिथं अडलं होतं तिथून नाही, भलतीकडूनच सुटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

तोतयाची मोठी चौकट जागेवरच आहे. रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे 1776 मध्ये कैदेतल्या सुखनिधान या तोतयाला पानिपतावर हरवलेले ‘सदाशिवरावभाऊ’ म्हणून बाहेर काढतो, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जातात, पावसाळा सरल्यावर फौज बोरघाटाकडे सरकते. मग पेशव्यांचे सरदार महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून येतात, पळापळ, आंग्र्यांच्या ताब्यात सापडणं आणि डिसेंबरात पुण्यात देहान्त. यात मी काही हलवत नाही.

अडलं होतं ते आतलं घर. त्याच लाटेवर गडावरचा पहारेकरी दाजी संगमेश्वराकडच्या एका खोताच्या दारात येतो आणि पानिपतावर हरवलेला त्या घरचा मुलगा विसाजी मीच म्हणून सांगतो. विसाजीची बायको यमुना त्याला ओळखत नाही, हे पटवणं सोपं होतं. 1760 मध्ये भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली तेव्हा ती नऊ वर्षांची. लग्न झालेलं, पण नांदणं नाही. नवऱ्याचा चेहरा अंतरपाट सरला तेव्हा दिसला तेवढाच. अडचण प्रेमाची होती. दाजी परका आहे हे वाचकाला ठाऊक, त्यामुळे त्या दोघांचा प्रत्येक सुखाचा क्षण बोचत राहायचा. तिला सगळं कळतंय असं दाखवावं तर त्या घरातली, त्या काळातली बाई असं पाऊल टाकेल कशी? आणि कळत नाही असं दाखवावं तर ती नुसती फसवली गेलेली बाई उरते. तशी नायिका मला नको आहे.

आतापर्यंतच्या मसुद्यात यमुनेला भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची सावली मिळाली होती. भाऊसाहेब गेले हे पार्वतीबाईंनी 1783 मध्ये स्वतः जाईपर्यंत मानलं नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. यमुनेचं कुंकूही मी तसंच शाबूत ठेवलं होतं.

सुतकाचा एक तपशील पाहायला ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ उघडला आणि बेपत्ता माणसाचा विधी समोर आला. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून त्याचं दहन. आणि क्रिया झाल्यावर माणूस जिवंत परतला तर? त्याला तुपाच्या कुंभातून काढून स्नान घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार नव्यानं करायचे आणि त्याच्याच बायकोशी त्याचं लग्न पुन्हा लावायचं.

पुन्हा लग्न! म्हणजे दाजीचं नाव खोटं असलं तरी लग्न खरं लागणार. होम खरा, सप्तपदी खरी, आणि यमुना या वेळी पंचवीस वर्षांची, डोळे उघडे ठेवून उभी. तिला संशय आहे, तरी ती पुढे होते. हा निर्णय तिचा आहे, आणि कादंबरीचा जीव इथंच आहे.

यासाठी कुंकू मात्र पुसावं लागेल. 1773 मध्ये बारा वर्षं भरतात, दीर घाई करतो (वाटणीचा प्रश्न आहेच), पुतळा जळतो, यमुनेचं केशवपन होतं. पेशव्यांच्या घरात ‘ते जिवंत आहेत’ म्हणून बसता येतं, खोताच्या घरातल्या सुनेला कोण बसू देतं? पार्वतीबाई आता सावली न राहता समोरचं टोक होतील. पहिल्या भागाची सगळी प्रकरणं नव्यानं लिहायची, आणि मी आनंदानं लिहिणार आहे.

गावचा भटजी ‘धर्मसिंधु’ हा तसाच दुसरा ग्रंथ काढू शकणार नाही, तो 1790 च्या सुमाराचा. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ 1612 चा, तो चालतो.

छोटा विजय: पत्रांच्या तारखा जुळल्या. पेशवाईतल्या पत्रांवरचा सुहूर सन (अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष) मृगाला बदलतो, त्यामुळे बंडाच्या ऐन मध्यावर वर्ष पालटतं. उन्हाळ्यातल्या पत्रावर ‘सीत सबैन’ (1176 मधलं 76), पावसाळ्यातल्यावर ‘सबा सबैन मया व अलफ’ (1177). दीर याच एका शब्दावरून दाजीचं बनावट पत्र पकडतो. तारखांसाठी कागदी जंत्रीच घ्या. मी वापरलेल्या एका ॲपला शक जमतो, सुहूर अजिबात नाही. ‘पेशवे दप्तरा’च्या (पेशवेकालीन कागदांच्या छापील खंडांच्या) स्कॅन प्रतींत शोध चालत नाही, त्यामुळे खंडांमागच्या सूची स्वतंत्र वहीत उतरवून घेणं हाच माझ्या मते एकमेव उपाय.

हे लिहितानाच एक सुचतंय. लग्नाच्या संकल्पात गोत्र उच्चारावं लागतं. विसाजी वासिष्ठ, यमुनेचं माहेर कौशिक. दाजीचं खरं गोत्रही कौशिकच असेल तर? मग लग्न सगोत्र, म्हणजे शास्त्रानं निषिद्ध, आणि हे मांडवात एकट्या दाजीला ठाऊक. तो ‘वासिष्ठ’ म्हणताना अडखळतो आणि यमुना ते ऐकते. तिला कळण्याचा क्षण मी बोरघाटाच्या लढाईनंतर ठेवला होता, तो आता इथं, होमासमोर येईल. मग घाटातल्या प्रकरणात काय उरतं? बहुधा दाजीनं तोतयाची फौज सोडून परत फिरणं, कारण आता घरी त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणीतरी आहे. ते प्रकरणही नव्यानं आखते.

केशवपन झालेल्या स्त्रीचं परतलेल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न लागताना मंगळसूत्राचा आणि केसांचा व्यवहार कसा करत, याचा कुणाला जुन्या पोथीत किंवा घराण्याच्या कागदांत उल्लेख दिसला असेल तर कळवा. तोवर मी पळसाच्या पुतळ्याचं प्रकरण लिहायला घेते.