न खेळला गेलेला सामना

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये 1977 पासून भरणारी स्नूकरची (मोठ्या टेबलावर काठीने चेंडू खिशांत घालण्याच्या खेळाची) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एरवी एप्रिलमध्ये सुरू होते. 2020 मध्ये करोनामुळे ती 31 जुलैला सुरू झाली. त्याच सुमारास आमच्या दापोली तालुक्यात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना गावात कधी आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, यावर ग्राम कृती दलाच्या बैठकीपासून एसटी थांब्यावरच्या टपरीपर्यंत वाद रंगला होता. शेफिल्डचे सकाळचे सत्र आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होई. पावसाने रेंज टिकू दिली, तर मी ते मोबाईलवर पाहत असे. मात्र माझे लक्ष खेळाइतकेच तिथल्या प्रवेशाच्या प्रश्नाकडेही होते.

प्रेक्षकांना मर्यादित संख्येने आत सोडून पाहावे, असा प्रयोग सरकारच्या संमतीने या स्पर्धेत होणार होता. अँथनी हॅमिल्टन हा दम्याचा त्रास असलेला, पन्नाशीला टेकलेला खेळाडू 2008 नंतर प्रथमच पात्रता फेरी पार करून क्रूसिबलला पोहोचला होता. बंद सभागृहात प्रेक्षक येणार, हे त्याला पटले नाही आणि पहिल्या फेरीचा सामना न खेळताच त्याने माघार घेतली. इकडे इंग्लंडमध्ये रुग्ण पुन्हा वाढू लागल्याने सरकारने प्रयोगच थांबवला. पहिल्या दिवशी प्रेक्षक बसले आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या रिकाम्या झाल्या. बारा वर्षांनी मिळालेली संधी ज्या कारणासाठी सोडली, ते कारण दुसऱ्याच दिवशी उरले नाही. तरीही त्याचा निर्णय चुकला, असे मला वाटत नाही. दमेकऱ्याने आपल्या फुप्फुसांचा विचार करताना सरकार उद्या काय ठरवील, याचा अंदाज बांधत का बसावे?

प्रेक्षकांवाचून स्पर्धा घेता येते, हे तोवर सिद्धही झाले होते. 1 जूनला इंग्लंडमधल्याच मिल्टन कीन्सच्या मार्शल अरिनामध्ये 64 खेळाडूंची स्नूकरची चॅम्पियनशिप लीग सुरू झाली, ती बेल्जियमच्या लुका ब्रेसेलने जिंकली. सभागृहाला लागूनच हॉटेल असल्यामुळे, आल्याबरोबर तपासणी करायची, अहवाल येईपर्यंत खोलीबाहेर पडायचे नाही आणि नंतरही त्या आवारातच राहायचे, ही व्यवस्था तिथे शक्य झाली. आमच्या शाळेतल्या विलगीकरणाचा हेतू तोच होता. फक्त शाळेत हॉटेलच्या खोल्या नव्हत्या. ती लीग मला पाहता आली नाही, कारण 3 जूनच्या निसर्ग वादळाने आमच्याकडचे विजेचे खांब आडवे केले होते.

हॅमिल्टनच्या माघारीमुळे कायरन विल्सनला पुढची फेरी आयती मिळाली, आणि तोच विल्सन 14 ऑगस्टला अँथनी मॅकगिलविरुद्ध उपांत्य सामन्याच्या निर्णायक फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, उभा होता. ती फ्रेम 103-83 अशी संपली. एका फ्रेममध्ये सगळे लाल चेंडू, प्रत्येक लालनंतर सर्वाधिक गुणांचा काळा आणि शेवटी सगळे रंगीत चेंडू क्रमाने घेतले, तरी साधारणपणे जास्तीत जास्त 147 गुण होतात. इथे दोघांचे मिळून 186 झाले, कारण फाउलचे गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातात आणि दोघांकडून फाउलवर फाउल होत गेले. कॅरममध्ये फाउल झाला की आपली सोंगटी परत ठेवावी लागते, त्याहून ही शिक्षा कठोर म्हणायची. शेवटी हिरवा चेंडू विल्सनच्या हातून निव्वळ नशिबाने खिशात पडला. जिंकूनही त्याला रडू आवरेना. त्याच दिवशी दुसऱ्या उपांत्य सामन्यात रॉनी ओ'सुलिव्हनने 14-16 अशा पिछाडीवरून मार्क सेल्बीला 17-16 असे हरवले. अंतिम सामना त्यामानाने एकतर्फी झाला. ओ'सुलिव्हनने तो 18-8 असा जिंकून सहावे विजेतेपद मिळवले.

त्या अंतिम सामन्याला थोडे प्रेक्षक पुन्हा आत घेतले होते. माझ्या मते तेवढ्यासाठी नियम पुन्हा बदलण्याची काही गरज नव्हती. पुढच्या वर्षी, 3 मे 2021 रोजी, सेल्बीने शॉन मर्फीला 18-15 असे हरवले, तेव्हा क्रूसिबलच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. पण तेव्हा आत येणाऱ्या प्रेक्षकाला करोना नसल्याचा चाचणी अहवाल दाखवावा लागत होता. 2020 मध्ये हॅमिल्टनसमोर अशी कोणतीही हमी नव्हती.