आमच्या मंडळीनं चौदा कामं कशी थांबवली

गोष्ट नाताळच्या प्रीतिभोजनानंतरची. मी जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सचिव. साठेक कुटुंबं, पाळकसाहेब एकच, आणि तेही दोन गावांचे. जेवणं उरकली, भांडी मोजायला बसलो तर पातेल्याभोवती आम्ही पाचच: पाळकसाहेब, खजिनदार, मी आणि महिला संघाच्या दोन मावश्या. रविवारची शाळा, घरगुती प्रार्थना, कोयर म्हणजे गाणाऱ्यांचा संच, जमाखर्च, कुठंही बघा, हेच पाच. एक मावशी ताटं पुसता पुसता म्हणाल्या, "साहेब, औंदा त्या म्हातारीकडं जाणंच झालं नाही बगा. ल्योक-सून उसाला गेल्यात, एकटीच हाय घरात."

साहेब काही बोलले नाहीत, पण जानेवारीच्या कमिटीत त्यांनी बायबलातल्या निर्गमचा 18वा अध्याय वाचला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला मोशे, आणि 'अशानं तूही थकशील, लोकही थकतील' असं सुनावणारा त्याचा सासरा इथ्रो. मग फळ्यावर मंडळीची सगळी कामं लिहिली. सतरा भरली. प्रत्येकापुढं तीन रकाने आखले: करतं कोण, येतं कोण, आणि बंद पडलं तर विचारेल कोण?

तिसऱ्या रकान्यानं माझाच घात केला. मंडळीचं त्रैमासिक मी पाच वर्षं काढत होतो. दर अंकाच्या तीनशे प्रती. "विचारतील की लोक," मी म्हणालो. तर देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडणारे मामा दारातूनच म्हणाले, "पेटी डुगडुगती म्हणून तिच्याखाली लावलाय तुमच्या पुस्तकांचा गठ्ठा. कोन इचारतंय?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. दोन दिवस मी साहेबांचा फोन घेतला नाही, हेही इथं सांगून टाकतो.

खरी अडचण हीच होती. काय करायचं यावर वाद नव्हताच. जे थांबवायचं त्याच्यामागं मात्र कुणाचं तरी नाव होतं. क्रीडास्पर्धा एका दिवंगत वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ, तर वर्गणीतून व्हायची प्रवेशकमान खजिनदारांच्या डोक्यातून निघालेली. एक आबा तर उभेच राहिले, "रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ आख्खं बेथेल गाव वसवलं, अन् तुम्ही बंद करायच्या याद्या करता?" साहेब शांतपणे म्हणाले, "आबा, त्यांनी आधी माणसाला राहायला जागा दिली. कमान नाही बांधली." खजिनदारांनी मान खाली घातली. मला वाटतं, साहेबांनी ते बोलायला नको होतं. त्या बैठकीत पुढं काहीच ठरलं नाही.

वाट सुटली ती एका शब्दामुळं. 'बंद' पुसून साहेबांनी 'वर्षभर विसावा' लिहिलं, आणि आबांनीसुद्धा हात वर केला.

राहिली तीन कामं, आणि ती निवडताना एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात शिरली. आमचं वेळापत्रक जानेवारी ते डिसेंबर असं आखलेलं. माणसांचं वर्ष मात्र निराळं. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. या काळात आमचे अर्धे बाक रिकामे असतात, आणि आम्ही नेमके तेव्हाच सगळ्यात जास्त कार्यक्रम ठेवायचो. मागं राहतात म्हातारी माणसं आणि आजीपाशी ठेवलेली लेकरं. म्हणून रविवारची उपासना, मागं राहिलेल्यांच्या घरी दर आठवड्याला भेट, आणि लेकरांचा संध्याकाळचा अभ्यास, एवढंच ठेवलं. रविवारची शाळा अभ्यासातच मिसळली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कोयर थांबला म्हणून दोन तरुण शेजारच्या मंडळीत जाऊ लागले, त्यातला एक अजून तिकडंच आहे. अभ्यासाला पहिल्या आठवड्यात चारच लेकरं आली. आम्ही चहाबरोबर बिस्किटं ठेवली, मग अकरा झाली. यात बिस्किटांचा वाटा किती, ते विचारू नका.

माझ्या वाट्याला आली ती नाताळची म्हातारी. पहिल्याच भेटीत तिनं गोळ्यांची पिशवी माझ्यापुढं उपडी केली. बीपीच्या, गुडघ्याच्या, आणखी कसल्या कसल्या, सगळ्या एकात एक. तिला वाचता येत नाही. माझ्या झोळीत शिल्लक अंक होता. त्याच्या कोऱ्या मलपृष्ठावर मी एक सूर्य काढला, एक चंद्र काढला, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बघून प्रत्येकाखाली त्या त्या वेळची एकेक गोळी डिंकानं चिकटवली. तो कागद तिनं चुलीमागच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला, आणि लांब उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"चंद्र बारका झालाय," म्हणाली. "पुढल्या येळंला मोठा काढा."