अमावास्येची नोकरी

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी बोट. कयाक गाइड म्हटलं की लोकांना दंडाची ताकद आठवते. आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाममंदिराच्या हाकेच्या अंतरावर. मी अंदमानात हंगामी गाइड म्हणून जाणार हे कळल्यावर शेजारच्या काकांनी मला लगेच जोर-बैठका सुरू करायला सांगितलं. प्रत्यक्षात निवडीच्या वेळी मी वल्हं कसं मारते हे कुणी फारसं पाहिलंच नाही. आधी बोट उलटी करायला लावली.

गाइडची कयाक वरून बंद असते. पाय आत घालून बसायचं आणि कमरेभोवतीचा रबरी घेर बैठकीच्या काठावर ताणून बसवायचा, म्हणजे लाट आत शिरत नाही. ही बोट उलटली की डोकं पाण्यात आणि पाय बोटीत. अशा वेळी पुढे वाकायचं, दोन्ही हात वर काढून बोटीच्या बुडावर थापा मारायच्या, मग घेराची पुढची पट्टी चाचपडून खेचायची आणि तंग पँट उतरवावी तशी बोट मांड्यांवरून ढकलून द्यायची. थापांचं प्रयोजन मला आधी कळेना. आमचा मुख्य गाइड अंदमानातल्याच मायाबंदरचा, त्याला सगळे दादाच म्हणतात. तो म्हणाला, "थापा ऐकू आल्या की मला कळतं तू शुद्धीवर आहेस. आणि तेवढा वेळ तू पाय ओढत बसत नाहीस. पाय ओढणारेच अडकतात." बडोद्यातल्या लालबागच्या तरणतलावात माझं लहानपण गेलेलं, पोहण्याची भीती नव्हती. पण समुद्राचं पाणी नाकात शिरलं की थेट कपाळात कळ जाते, त्याची सवय तिथे जाऊनच करावी लागली.

मग दुसऱ्याला बाहेर काढायची परीक्षा. उलटलेल्या बोटीचं टोक धरून ती आपल्या बोटीवर आडवी ओढायची, म्हणजे आतलं पाणी सांडून जातं. मग सुलटी करून आपल्या बोटीला समांतर लावायची, तिच्यावर ओणवं होऊन अंगाचा सगळा भार टाकायचा आणि पाण्यातल्या माणसाला मागच्या बाजूने पालथं चढायला सांगायचं. यात खरा कस लागतो तो बोलण्यात. पाण्यात पडलेल्या माणसाला शब्द कळत नाहीत, आवाजाची पट्टी मात्र बरोबर कळते. म्हणून भाजी निवडता निवडता बोलावं त्या सुरात "आता उजवा पाय वर" असं म्हणायला शिकायचं.

तिथवर पोचण्याची हकिगत मोठी नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. कॉम. झाले, एका सी. ए.च्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरत होते आणि दर महिन्याची 20 तारीख आली की माझं पोट बिघडत होतं. उन्हाळ्यात दिसेल त्या कंपनीला ईमेल पाठवले, उत्तर आलं ते गणपतीत. पोहता येणं, सीपीआरसकट प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा दाखला एवढं त्यांना हवं होतं. राहणं-जेवण त्यांचं, पगार माझ्या ऑफिसपेक्षा कमी. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानला गाठतो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. त्याआधी हंगाम आटोपतो. आत्याने विचारलं, "म्हणजे मर्चंट नेव्ही का?" बाबा नुसतं "हो" म्हणून मोकळे झाले.

बडोद्याहून थेट विमान नाही. चेन्नईमार्गे श्री विजयपुरम, म्हणजे 2024 पर्यंतचं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून बोटीने स्वराज द्वीप. नाव 2018 मध्ये बदललं तरी बेटावर सगळे हॅवलॉकच म्हणतात. गावं मुख्यतः बंगाली निर्वासितांनी वसवलेली, किनाऱ्यांना नंबर. पूर्वेला समोर हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स ही बेटं दिसतात. ती राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, तिथे वस्ती नाही आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपल्या बाजूलाही खाडीत शिरलं की मोबाइलची रेंज जाते आणि हातात उरतो तो वायरलेस सेट, सोळाव्या चॅनेलवर.

आता भरतीचं. आईला भरती ठाऊक आहे ती कावी-कंबोईच्या स्तंभेश्वरामुळे. खंभातच्या आखाताच्या काठावरचं ते शिवमंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं, आणि बडोद्याचे लोक वेळ बघून दर्शनाला जातात. त्या आखातात उधाणाला पाणी 10 मीटरहून जास्त चढतं. हॅवलॉकला जेमतेम दोन मीटर. आईला ते ऐकून फार हायसं वाटलं. पण आमची सगळी नोकरी त्या दोन मीटरमध्येच होती.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत मीटरभर पाणी येतं किंवा जातं. खारफुटीच्या खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यावर, आणि पाणी फिरलं की फार वेळ न दवडता बाहेर पडायचं. उशीर केला तर कांदळाची कमानीसारखी मुळं उघडी पडतात, मधे चिखल, आणि पाहुण्यांसकट पुढच्या भरतीची वाट पाहत बसायचं. माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे भरती-ओहोटीचे तक्ते होते, शिवाय आईने बॅगेत कोंबलेलं कालनिर्णय. गंमत म्हणजे आठवड्याचा अंदाज बांधायला कालनिर्णयच बरं पडायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढाची भरती, रोज वेळ पाऊण-एक तास पुढे. तिथी पाहिली की आठवडा डोळ्यांसमोर यायचा. पाहुण्यांना हे पटवणं वेगळंच काम. "नऊला नाश्ता करून निघू ना" म्हणणाऱ्याला पहाटे साडेपाचला पाण्यात उतरवायचं, ते चंद्र ऐकत नाही म्हणून. तिकडे सूर्य पाचच्या आसपास उगवतो हा त्यातल्या त्यात दिलासा.

मगरींबद्दल सगळे विचारतात. बडोदेकराला मगरीचं काय नवल? काळा घोडा पुलावर स्कूटर थांबवून विश्वामित्रीच्या काठावर ऊन खाणाऱ्या मगरी आपण सगळ्यांनी पाहिल्यात, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या तेही. पण ती गोड्या पाण्यातली मगर. अंदमानातली खाऱ्या पाण्यातली; जगातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत सगळ्यात थोराड, नर पाच मीटरच्या पुढे जातो. 2010 मध्ये हॅवलॉकच्याच पाण्यात एका पर्यटकाचा जीव गेला होता. म्हणून खाडीत हात-पाय बाहेर सोडायचे नाहीत, काठाला लागून थांबायचं नाही आणि चिखलात पोट घासत गेल्याची ताजी घसर दिसली की सहल तिथेच वळवायची. आमच्याकडे संध्याकाळनंतर कुणी खाडीत शिरत नाही. रात्रीच्या फेऱ्या उघड्या पाण्यातच.

आणि रात्रीच्या फेऱ्या म्हणजे अमावास्या. तिथल्या समुद्रात सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की निळसर चमकतात. वल्हं बुडालं की त्याच्याभोवती उजेड, बोटं फिरवली की बोटांमागे रेघ. चांदणं असलं की सगळं फिकं पडतं, त्यामुळे आरक्षणं अमावास्येभोवती गर्दी करतात. आमच्या घरी अमावास्येला नवा साबणसुद्धा उघडत नाहीत. "अमावास्येच्या रात्री, समुद्रात, पोरीची जात" हे आईचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे तिचं तिलाच हसू यायचं.

सगळ्यात वाईट अमावास्या दिवाळीची. लक्ष्मीपूजन अमावास्येला, त्यातून गुजरातेत लाभपाचमपर्यंत दुकानं बंद, म्हणजे निम्मं बडोदं फिरायला बाहेर. लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझ्यापुढे कोण उभं? बडोद्याच्या वाडी भागातलं एक मराठी कुटुंब आणि त्यांचे गुजराती शेजारी. काकूंनी नाव-गाव विचारायच्या आधी लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, त्यांतल्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तेव्हापासून बडोद्याची माणसं बोटीच्या आधी जॅकेटकडे बघतात.

त्या रात्री जॅकेट सगळी ठीक होती, वारा ठीक नव्हता. नोव्हेंबरपासून तिकडे ईशान्येचा वारा धरतो. आमचा रात्रीचा किनारा पश्चिमेला, त्यामुळे वारा पाठीमागून, जमिनीकडून येत होता. हा वारा फसवा असतो. काठाशी झाडांच्या आडोशाने पाणी अगदी निवांत दिसतं, पण आत गेलं की तोच वारा बोट बाहेर ढकलत राहतो आणि परत येताना तोंडावर बसतो. नवख्या माणसाची कयाक शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर जाईल. पंधरा नॉट, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात ती जागची हलत नाही.

मी फेरी रद्द केली. काका म्हणाले, "अगं, एवढं शांत तर पाणी आहे. तू आपल्या बडोद्याची ना?" मी वाद घातला नाही. नारळाचं एक सोडण घेऊन पाण्यात टाकलं आणि बॅटरी त्याच्यावर धरली. ते काठापाशी जरा घुटमळलं, मग सरळ निघालं. बघता बघता उजेडाच्या टप्प्याबाहेर. काकू म्हणाल्या, "बास, कळलं." काकांना कळलं नव्हतं. त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि ऑफिसने मला, "काठाकाठाने छोटी चक्कर मारून आण, पैसे परत करायला नकोत." मी नाही म्हणाले. दादा शेजारी उभा होता, त्याने काही न बोलता बोटींची दोरी पुन्हा आवळायला सुरुवात केली.

मग सगळ्यांना घोटाभर पाण्यात उभं केलं, बॅटऱ्या विझवल्या आणि डोळे सरावू दिले. वीसेक मिनिटांनी मुलं पाय आपटून आपटून पाणी पेटवायला लागली. शेजारच्या गुजराती बा तर खाली बसून दोन्ही हातांनी पाणी उडवत होत्या. "अहो, फोटो येत नाही," असं काकू काकांना चार-चारदा सांगत होत्या, कारण काका फोन खाली ठेवायला तयार नव्हते. पैसे पूर्ण परत केले. दुसऱ्या दिवशी काकांनी ऑनलाइन तीनच तारे दिले.

नंतरचे महिने रोजच्या कामाचे. वाळूतल्या बारीक माश्या पाय फोडून काढतात, तळहातांना घट्टे पडतात, मिठाने केसांचा काथ्या होतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघून आलेले असायचे आणि माझं गुजराती हेलाचं मराठी ऐकून "तुम्ही नक्की कुठल्या?" विचारायचे. एप्रिल सरता सरता बोटी गोड्या पाण्याने धुऊन, झाकणांच्या रबरांना पावडर लावून शेडमध्ये रचल्या.

पुढच्या हंगामाचं बोलावणं आलंय. करारात मी दोन गोष्टी लिहून मागितल्यात. फेरी रद्द करायचा शेवटचा शब्द किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गाइडचा, ऑफिसचा नाही. आणि अपघाती विमा कंपनीच्या खर्चाने. विमा त्यांनी लगेच मान्य केला. पहिल्या कलमावर अजून ईमेल चालू आहेत, "परिस्थितीनुसार" हा शब्द ते घालतात आणि मी काढते. तोवर लालबागला मुलांना पोहायला शिकवतेय. चेन्नईचं तिकीट काढलेलं नाही.