कमी खर्चात जुन्या घडणीचे पिस्तूल

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या ‘१९११’ नावाच्या पिस्तुलाची सरळ, चपटी ठेवण मला मनापासून आवडते, परंतु त्याचे .४५ बोअर (नळीच्या आतील व्यासाचे माप) आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे ठाणे शहरातील परवानाधारकाने .३२ बोअरकडेच वळावे. खासगी आयात बंद असल्यामुळे जुन्या विदेशी पिस्तुलांच्या किमती अवाच्या सव्वा आहेत, म्हणून बेताच्या बजेटमध्ये मी सरकारी आयुध निर्माणीचे ‘अशनी’ हे .३२ बोअरचे पिस्तूलच सुचवेन.

वापरलेले पिस्तूल घ्यायचेच असेल, तर मॅगझिन (गोळ्या भरण्याची पेटी) काढून आणि चेंबर (नळीतील गोळी बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, सावकाश मागे ओढावी. ती आडवी हलते का, नळीतील पीळदार खाचांच्या कडा झिजल्या आहेत का, हे उजेडात नीट न्याहाळावे. मॅगझिनच्या ओठांकडे, म्हणजे तिच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या कडांकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण ते वाकलेले असतील तर गोळी अडकते.