टॅक्सीवाल्यांचे टायर आणि माझे टायर

आमच्या डिझायरचे टायर वरवर पाहता ठीक होते. नक्षी शिल्लक होती, हवाही टिकत होती. पण माझं माहेर नागपूरचं, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून नाशिकहून आम्ही गाडीनेच जातो. सिन्नरच्या पुढे गोंद्याला चढलं की तासन् तास ताशी शंभरच्या आसपास वेग. कारला तिथे १२०ची मर्यादा आहे. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३मध्ये आरटीओने तिथे टायर तपासून गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून धुताना मी टायर नीट बघते. यंदा दिवाळीआधी चारही टायरच्या बाजूंवर बारीक भेगा दिसल्या. चारही बदलायचे ठरवले.

कुठल्या कंपनीचे, हे मला टायरवर ज्यांचं पोट आहे त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. म्हणून आधी द्वारकेला मुंबईच्या टॅक्सी उभ्या राहतात तिथे गेले. एक काका म्हणाले, "ताई, डोळे झाकून एमआरएफ घ्या. कडक माल आहे, खड्ड्याला दाद देत नाही." शेजारचे दादा सिएटच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या मते किलोमीटरला सिएट स्वस्त पडतो, शिवाय कारखाना आपल्या सातपूरलाच आहे. तिसऱ्यांनी अपोलो सांगितला. ऑफिसातले एक सहकारी दर आठवड्याला पुण्याला जातात. त्यांचा जीव मिशेलिनवर: आवाज कमी, पावसात ब्रेक लागतो तसा दुसऱ्याचा लागत नाही म्हणाले. सापुताऱ्याला पर्यटक नेणारे शेजारी ब्रिजस्टोनशिवाय दुसरं नाव घ्यायला तयार नव्हते.

प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवातून, अगदी मनापासून सांगत होता, आणि तरी उत्तरं जुळत नव्हती. मग मी आणखी तीन गोष्टी विचारायला लागले: महिन्याला किती किलोमीटर, कुठल्या रस्त्याने, गाडीत किती वजन? इथे मात्र चित्र उलगडलं. टॅक्सीवाले दादा महिन्याला सहा-सात हजार किलोमीटर चालवतात, गाडी कायम भरलेली. त्यांचा टायर झिजूनच संपतो, म्हणून जास्त चालणारा टायर त्यांच्यासाठी चांगला. माझी गाडी वर्षाला जेमतेम नऊ-दहा हजार चालते. माझे टायर झिजायच्या आधीच म्हातारे झाले होते; त्या भेगा वयाच्या होत्या. मी लाखभर किलोमीटर चालणारा टायर घेतला असता तर त्यातला निम्मा भंगारात गेला असता.

त्यामागचं कारण रबरात आहे. कडक रबर कमी झिजतं, पण ओल्या रस्त्यावर पकड थोडी कमी देतं. मऊ रबर घट्ट धरतं आणि लवकर झिजतं. सिलिका घातलेल्या नव्या रबरामुळे हा फरक बराच कमी झालाय, संपलेला नाही. आणि एकच कंपनी दोन्ही तऱ्हेचे टायर बनवते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. सिएटचा मायलेझ जास्त चालण्यासाठी, तर सिक्युराड्राइव्ह पकड आणि आरामासाठी. अपोलोचा अमेझर आयुष्यासाठी, अल्नॅक पकडीसाठी. एमआरएफचाही परफिंझा वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. त्यामुळे "एमआरएफ कसा?" या प्रश्नाला उत्तरच नाही, "एमआरएफचा कोणता?" हे विचारायला हवं. काही टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती सावकाश झिजेल याचा आकडा छापलेला असतो. तो कंपन्या स्वतःच्याच चाचणीवरून देतात, तेव्हा एका कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो बरा. दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर फार विसंबू नये.

माझा रस्ता म्हणजे समृद्धीचं काँक्रीट आणि पावसाळ्यात कसारा घाट. मागच्या सीटवर मुलं. मला ओल्यावरची पकड हवी होती, आयुष्य थोडं कमी चालेल. यादीत मिशेलिन आणि योकोहामा उरले. माझं माप १८५/६५ आर१५, पुढे ८८एच. त्यातला ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पहिल्या दुकानात आधी टायर खाली काढायला लावले आणि बाजूवरचे चार अंक वाचले. २८२३ असेल तर २०२३च्या २८व्या आठवड्यातला माल. तिथले टायर दोन वर्षांहून जुने निघाले. "ताई, वापरलेला नाही, नवाच आहे," दुकानदार म्हणाले. पण रबर गोदामातही म्हातारं होतं, आणि माझ्या गाडीचा प्रश्न तर वयाचाच. दुसऱ्या दुकानात योकोहामाचे काही महिन्यांपूर्वीचे मिळाले, तेच घेतले. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्या कोटेशनवर जाऊ नका, नवं मागा. व्हॉल्व्हही नवे घातले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घेतलं.

गोंद्याला चढण्याआधी हवा तपासण्याबद्दल मात्र सगळ्या चालकांचं एकमत होतं, आणि मला ते कंपनीच्या नावापेक्षा मोठं वाटतं. हवा कमी असली की वेगात टायरची बाजू सतत दबते-सुटते, आतून तापते, आणि त्यात तो जुना असेल तर फुटतो. लोक दोष काँक्रीटला देतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब किती पीएसआय हवा ते लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी वेगळं. तपासायची सकाळी, टायर थंड असताना. गाडी चालली की आकडा वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडणं धोक्याचं, कारण थंड झाल्यावर ती कमीच पडते.

स्टेपनीचे चार अंकही वाचले. ती जवळजवळ न वापरलेली, पण गाडीच्या वयाची निघाली. तिच्यासाठी पाचवा टायर सांगून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. नागपूरला त्यानंतरच निघणार.