दोन स्क्रूंवर आवळलेले इंजिन : आमची वाटचाल

आज आम्ही होडीच्या इंजिनांसाठी कुलपे बनवतो; पण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत दोन लेथ आणि एक वेल्डिंग मशिन घेऊन आम्ही जॉबवर्क सुरू केले, तेव्हा समुद्राशी आमचा काहीही संबंध नव्हता. तो आला आमच्या वेल्डरच्या मेहुण्यांमुळे. ते मालवणला मासेमारी करतात. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्यांच्या होडीचे इंजिन एका रात्रीत चोरीला गेले, कर्जाचे हप्ते तेवढे उरले. त्यांनी दुसरे इंजिन घेतल्यावर आम्ही मुद्दाम पाहायला गेलो. तीस-चाळीस किलोंचे ते यंत्र होडीच्या मागच्या फळीवर हाताने फिरवायच्या दोन स्क्रूंनी आवळलेले होते. एवढ्या मोलाची वस्तू इतकी उघडी असते, हे पाहून आम्ही अस्वस्थ झालो.

दोन्ही स्क्रूंच्या मुठी एका रेषेत आणून त्यांवर खाच पाडलेला चौकोनी पाइप सरकवायचा आणि टोकाला कुलूप लावायचे, म्हणजे मुठी फिरत नाहीत, अशी आमची पहिली रचना होती. पहिला लॉट आम्ही ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा केला आणि तिथेच चुकलो. नाशिकच्या हवेत चकचकीत राहणाऱ्या त्या पाइपांना खाऱ्या वाऱ्यात वेल्डिंगच्या कडेने तांबूस ठिपके पडले, कुलपे आतून जाम झाली, आणि पहाटे समुद्रावर निघालेल्या एका मासेमाराला स्वतःचेच कुलूप हॅक्सॉने कापावे लागले. त्या माणसाचा बुडालेला दिवस आम्ही आजही विसरलेलो नाही. सगळा लॉट आम्ही परत घेतला. आता २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम (खाऱ्या हवेत गंजाला विरोध करणारा धातू) असलेले ३१६ प्रतीचे स्टील वापरतो, वेल्डिंगचा काळा थर पूर्ण काढतो आणि किल्लीच्या भोकावर रबरी टोपण देतो.

एवढ्यानेही भागत नाही, कारण चोर कधीकधी फळीच करवतीने कापून इंजिन नेतात. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी आणि आरपार बोल्ट देतो. भोकांत सीलंट भरतो, नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजते. बॅटरीच्या ग्राइंडरपुढे कोणतेही कुलूप कायम टिकत नाही, हे आम्ही ग्राहकाला विक्रीपूर्वीच सांगतो. मात्र ते कापायला लागणारा वेळ आणि होणारा आवाज चोराला परवडत नाही. कुलपासोबत आम्ही एक कार्ड देतो. त्यावर इंजिनाचा क्रमांक आणि मालकाने इंजिनाच्या ब्रॅकेटवर पंचाने ठोकलेली स्वतःची खूण लिहायची असते, कारण क्रमांकाची पट्टी चोर पहिल्यांदा उपटतो आणि पोलिसांत तक्रार देताना ती खूणच कामी येते.